रंकाळ्याची फेरी हाही व्यायामच

"चालणं हा काय व्यायाम हाय व्हय रं? म्हाताऱ्यांचं काम हाय ते. व्यायाम करायचा तर तालमीत जाऊन घाम गाळ, न्हाईतर गप बस."

कोल्हापुरात पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर हे ऐकायला मिळतं. म्हणणारा बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला असतो. सकाळी मोटारसायकलवर बसून शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी त्याच मोटारसायकलवरून कट्ट्यावर येतो. तालमीत तो शेवटचा कधी गेला हे त्यालाही आठवत नाही. गेला असेल तर गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीला. म्हणजे सल्ल्यातला पहिला भाग तो दुसऱ्यांना देतो आणि दुसरा स्वतः पाळतो: गप बसतो.

माझा वाद या सल्ल्याशी आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी या शहरातली तरुण माणसं आजारी पडताहेत. तालमीबद्दल मला आदर आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, याचा अभिमान कुणाला नसेल? पण आज या अभिमानाच्या आड बसूनच पोरं निष्क्रिय झाली आहेत. मल्ल होता येत नाही, म्हणून काहीच करायचं नाही, अशी सोय त्यांनी लावून घेतली आहे.

"या वयात कसलं बीपी?" हा त्यांचा पहिला आधार. याचं उत्तर आपल्याच मंडळांच्या रक्तदान शिबिरात रोज मिळतं. शिवजयंती असो, गणेशोत्सव असो, नाहीतर नगरसेवकाचा वाढदिवस, मांडवात शिबिर असतंच. पोरगा फॉर्म भरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो, दंडाला पट्टा गुंडाळला जातो, आकडा येतो १४८/९४. तपासणारा फॉर्म बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "आज बीपी जास्त आहे, पुढच्या वेळी या." रक्तदात्याचा वरचा आकडा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० यांच्या दरम्यान असावा, असा आपल्याकडचा नियम आहे. पोरगा उठतो, मित्रांना सांगतो, "रात्रभर जागलोय, मगाशी चहा मारलाय, म्हणून आलं असंल." आणि विषय संपतो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एका मापावरून कुणाला रुग्ण ठरवता येत नाही. खरं माप घ्यायचं तर आधी अर्धा तास चहा, सिगारेट, तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर ठेवलेला. मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. डॉल्बीच्या दणदणाटात, मित्रांच्या गराड्यात आलेला आकडा काही अंकांनी फुगलेला असू शकतो. पण मग तो शांतपणे परत मोजायला नको का? ते कोणी करत नाही. पुढचं माप थेट लग्न ठरताना, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा चाळिशीत छातीत कळ आल्यावर घेतलं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांपुढच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. हा रोग चाळिशीच्या वाढदिवशी अंगाला चिकटत नाही. अमेरिकेत १९८५-८६ पासून १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर तरुणांचा 'कार्डिया' नावाचा अभ्यास चालू आहे. त्यातून २०१८ साली पुढे आलेला निष्कर्ष फार गंभीर आहे. चाळिशीच्या आत ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर होता, त्यांना पुढच्या सुमारे दोन दशकांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका सामान्य रक्तदाब असलेल्यांच्या साडेतीन पट निघाला. आणि ज्यांचा आकडा नुसता १३० च्या घरात होता, ज्यांना आपल्याकडे "जरा वर आहे, काळजी नको" म्हणून सोडून देतात, त्यांनाही तो पावणेदोन पट होता. त्याच तरुणांमधल्या ज्यांचा दम सुरुवातीलाच कमी होता, म्हणजे ट्रेडमिलवर जे लवकर थकले, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब आणि मधुमेह कितीतरी जास्त आढळले.

"मी तर सडपातळ हाय" हे उत्तरही चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यडकिनांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. यडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका फोटोनं जगाला पटलं. पँटचा नंबर वाढला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहण्याची सोय आपल्याला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. चालण्यानं काय होतं? चालायला लागलं की हृदय जोमानं रक्त ढकलतं आणि वरचा आकडा चढतो. मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंना रक्त जास्त लागतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात. चालणं थांबतं, ठोके उतरतात, पण रक्तवाहिन्या लगेच आवळत नाहीत. त्यामुळे रक्तदाब चालण्याआधी होता त्याच्याही खाली जातो आणि काही तास तिथेच राहतो. काहींमध्ये हा परिणाम दिवसभर टिकतो. ज्याचा आकडा मुळात वर आहे, त्याचा जास्त उतरतो. रोज चालणाऱ्याच्या शरीरात हे रोज घडतं आणि काही आठवड्यांत त्याची घडी बसते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून त्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड नीट सुटू लागतं, रक्तवाहिन्या सतत आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचा ताण उतरतो, आणि हृदयाला त्याच कामासाठी कमी जोर लावावा लागतो.

यासाठी घामाच्या धारा लागत नाहीत. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडतील असा वेग हवा. सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागावा. रंकाळा तलावाच्या काठानं सकाळी गप्पा मारत झपझप जाणारे दोघे नेमके याच वेगात असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगितला आणि एका वेळी किमान दहा मिनिटं चाललं तरच ते धरायचं, ही जुनी अटही काढून टाकली. म्हणजे केएमटीच्या बससाठी दोन थांबे चालत गेलात, तर तेही हिशेबात येतं. बसवरून लंडनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ते कंडक्टर काही मल्ल नव्हते. तिकिटं फाडत जिना चढत होते, इतकंच.

तरुणांपुरतं बोलायचं तर २०१६ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रक्तदाब वाढलेल्या किंवा वाढू लागलेल्या, तुलनेनं तरुण प्रौढांवरचे चौदा अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन ते सहा महिन्यांच्या व्यायामानं वरचा आकडा सरासरी ४.४ आणि खालचा ४.२ अंकांनी उतरला होता. वजन घटलं की नाही, यावर ते अवलंबून नव्हतं. काट्यावर किलो उतरत नाहीत म्हणून महिन्याभरात चालणं सोडणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

"चार अंक? त्यात काय एवढं?" हा आक्षेप अनेकदा शिकलेल्या माणसांकडून येतो, म्हणून तो मला जास्त खटकतो. २००२ साली जगभरातल्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसलं, की मध्यमवयात नेहमीचा वरचा आकडा फक्त दोन अंकांनी कमी असला तरी पक्षाघातानं होणारे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी आणि हृदयविकारानं होणारे सुमारे सात टक्क्यांनी कमी असतात. रक्तदाबाच्या एका साध्या गोळीकडूनही डॉक्टर काही चमत्काराची अपेक्षा ठेवत नाहीत. पाच-दहा अंक उतरले तर समाधान मानतात. मग गोळीचे पाच अंक मोलाचे आणि पायांचे चार अंक किरकोळ, हा न्याय कुठला? ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे, त्यानं ती चालण्याच्या भरवशावर बंद करू नये, हेही इथेच स्पष्ट सांगतो.

माझ्या बाजूला अडचणीचा ठरणारा पुरावाही मला मांडला पाहिजे, नाहीतर हा प्रतिवाद अर्धा राहील. ऑक्सफर्डच्याच त्या गटानं २०२२ साली एक नवी चाचणी प्रसिद्ध केली. रक्तदाब थोडा वाढलेले, १८ ते ३५ वयाचे २०३ तरुण घेतले, त्यातल्या निम्म्यांना सोळा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करवला आणि दिवसभर दंडाला यंत्र बांधून रक्तदाब मोजला. त्यांचा दम वाढला. रक्तदाबात मात्र दोन गटांत फरक पडला नाही. शिवाय २०१६ च्या विश्लेषणातही वर्षभरानंतर आधीची घट टिकलेली दिसली नव्हती.

कट्ट्यावरचा मित्र म्हणेल, "बघ, मी सांगत हुतो!" थांब. त्या चाचणीचा निष्कर्ष एवढाच आहे, की तरुणांचा रक्तदाब आटोक्यात आणायला फक्त व्यायामावर विसंबून राहू नये. ते मला मान्य आहे. मिसळीचा कट, पापड, लोणचं, संध्याकाळचं फरसाण यांतून दिवसाला पाच ग्रॅमच्या कितीतरी पुढे मीठ जातं; मावा-तंबाखू, अपुरी झोप, शनिवारची बाटली हे सगळं तसंच ठेवून अर्ध्या तासाच्या फेरीनं सगळं भरून निघेल, असं मी म्हणत नाही. पण एका चाचणीत सोळा आठवड्यांत आकडा हलला नाही, म्हणून वीस वर्षं बसून राहावं, हे त्यातून निघत नाही. व्यायामाचं खरं काम विशीतला १२८ चा आकडा पस्तिशीत १४८ होऊ न देणं हे आहे. हार्वर्डच्या सुमारे पंधरा हजार माजी विद्यार्थ्यांच्या पाहणीत १९८३ सालीच दिसलं होतं, की जे जोमानं खेळत नव्हते त्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका पस्तीस टक्क्यांनी जास्त होता. 'कार्डिया'च्या २०२१ च्या विश्लेषणात आठवड्याला पाचेक तास मध्यम व्यायाम वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांचा धोका कमी निघाला. म्हणजे दीडशे मिनिटं ही सुरुवात, तीनशेकडे जायचं आणि थांबायचं नाही. परिणाम वर्षभरात विरला, याचा साधा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की चालणं थांबलं. पोलीस भरतीसाठी विद्यापीठाच्या आवारात पहाटे धावणारी पोरं आपण पाहतो; भरती हुकली, वय उलटलं की त्यातली कितीतरी दुसऱ्या दिवसापासून धावायची थांबतात. काही आठवड्यांत शरीर आधीच्या जागी येतं.

आता सगळ्यात भीती घालणारा आक्षेप. "व्यायाम करतानाच पोरं जाताहेत की!" २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले. त्या सकाळी जिममध्ये व्यायाम केल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं होतं. सीमेपलीकडची ती बातमी बेळगाव-निपाणीमार्गे कोल्हापूरच्या घराघरांत पोचली आणि अनेक आयांनी पोरांना जिम सोडायला लावलं. त्यांची भीती खरी होती, तिची थट्टा मी करणार नाही. पण त्या एका दुःखद मृत्यूवरून व्यायामाच्या विरोधात निष्कर्ष काढता येत नाही. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक, कारण न कळलेल्या मृत्यूंचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल झालेलं असणं, घरात आधी असे मृत्यू झालेले असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणं आणि त्याच दोन दिवसांत अतिश्रमाचा व्यायाम, हे होतं. अतिश्रम. रंकाळ्याची फेरी नव्हे.

आणि अतिश्रम कुणाला मारतो? १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला अमेरिकन अभ्यास याचं उत्तर देतो. जे आठवड्यातून एकदाही नीट व्यायाम करत नव्हते, त्यांना अचानक जोराचे श्रम केल्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या शंभरपटींहून जास्त, १०७ पट होता. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांना तेच श्रम केल्यावर तो फक्त २.४ पट होता. श्रम तेवढेच होते, सराव मात्र एकाला होता आणि एकाला नव्हता. म्हणूनच "घाम गाळ, न्हाईतर गप बस" हा सल्ला मला धोकादायक वाटतो. पोरगा वर्षभर गप बसतो आणि लग्नाआधी, नाहीतर पावनखिंडीच्या पावसाळी मोहिमेच्या आदल्या महिन्यात एकदम जिममध्ये घुसून मित्राएवढं वजन उचलायला जातो. श्वास कोंडून जड वजन उचलताना रक्तदाब कुठे जातो, हे कॅनडात १९८५ साली धमनीत नळी घालून मोजलं होतं. तरबेज शरीरसौष्ठवपटूंचा वरचा आकडा दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२० पर्यंत गेला होता. क्षणभरच, आणि ती सरावलेली शरीरं होती. खुर्चीवरून उठून आलेल्या, आपला आकडा ठाऊक नसलेल्या पोरानं पहिल्याच आठवड्यात हा खेळ का करावा?

खऱ्या वस्तादानं हे कधी करू दिलं नाही. नवा पोरगा तालमीत आला की त्याला आधी हौद्यातली माती उकरायला लावायची, थोडे जोर, थोड्या बैठका, अंग दुखायचं थांबलं की मग चढ. लढत फार पुढे. मेहनत अंगाला सोसेल तशी वाढवायची, एक दिवस खाडा करायचा नाही, हा तालमीचा कायदा. मध्यम व्यायामाचा शास्त्रीय सल्ला याहून वेगळं काय सांगतो? जो तालमीचं नाव घेऊन चालण्याला हसतो, त्यानं तालमीची बढाई उचलली आणि शिस्त तिथेच टाकली. उलट तालमीच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो. २०२३ साली २७० चाचण्यांचं जे मोठं विश्लेषण झालं, त्यात चालणं-धावणं, वजनं, दोन्ही मिळून, सगळ्यांनीच रक्तदाब उतरला. पण सर्वाधिक, वरचा आकडा सुमारे आठ अंकांनी, स्नायू न हलवता ताणून धरण्याच्या व्यायामानं उतरला. त्यात भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं राहणं हा एक प्रकार. अर्ध्यात थांबवलेली बैठकच ती, म्हटलं तरी चालेल. श्वास न कोंडता, दोन मिनिटं, चार वेळा. चालण्याच्या जोडीला घरात सहज करता येतं.

आणि मुलींचं काय? 'तालीम नाहीतर काही नाही' या न्यायात त्यांची जागाच नाही. आता काही मुली कुस्तीत उतरल्या आहेत, त्यांचं कौतुक आहे. पण राजारामपुरीत क्लासला जाणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, घरून संगणकावर काम करणाऱ्या हजारो मुलींना तालमीचं दार कधीच उघडं नव्हतं. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. मुलीला परवडणारा, कपडे न बदलता, कुणाला न विचारता करता येणारा एकच व्यायाम आहे, आणि आपण नेमका तोच क्षुल्लक ठरवून बसलो आहोत. तिला चालायला लागतो तो दिव्यांचा उजेड, फेरीवाल्यांनी आणि गाड्यांनी न अडवलेला फुटपाथ, आणि संध्याकाळी सातनंतर टवाळखोरांचा कट्टा नसलेला रस्ता. हे मागण्याचा हक्क तिला आहे आणि देण्याची जबाबदारी महापालिकेइतकीच त्या रस्त्यावरच्या मंडळाचीही आहे.

म्हणून माझं बोलणं शेवटी तालीम मंडळांशी आहे. पेठांमध्ये त्यांचं ऐकलं जातं; त्यांच्या शब्दावर पोरं फुटबॉलच्या मॅचला शाहू स्टेडियम भरून टाकतात. पुढच्या रक्तदान शिबिरात परत पाठवलेल्या प्रत्येक पोराचं आणि पोरीचं नाव, त्यांना विचारून, वेगळ्या वहीत लिहा. दंडाला बांधायचं एक चांगलं यंत्र मंडळाच्या खर्चानं घ्या. पंधरा दिवसांत त्यांना दोनदा बोलावून, शांत बसवून मोजा. दोन्ही वेळा १४०/९० च्या वर आलं तर सीपीआर रुग्णालयात किंवा त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. इतक्या तरुण वयात मूत्रपिंडाचं किंवा दुसरं काही कारण आहे का, हे बघावं लागतं. १८०/११० च्या पुढे असेल, किंवा छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी पाठवा, व्यायामाचं नाव नंतर. आणि १३० च्या आसपास असेल, तर त्याला "काळजी नको" म्हणून घरी सोडू नका. मंडळातला एक जण त्याच्यासोबत द्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांना रंकाळ्यावर पाठवा.